आधी दारं मोजा: निओ-न्वार बघताना कोण कुठे उभंय हे कसं पकडायचं

उच्चारापासून सुरू करू. न्वार. मी कॉलेजची सगळी वर्षं 'नॉयर' म्हणत काढली आणि कुणी टोकलं नाही, कारण बाकीचेही तेच म्हणत होते. फ्रेंच शब्द आहे, अर्थ काळा. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन पिक्चर येणं बंद होतं, युद्ध संपल्यावर ते गठ्ठ्याने आले आणि १९४६ मध्ये नीनो फ्रांक नावाच्या समीक्षकाने त्यातल्या काही क्राइम पिक्चरना हे नाव लावलं. रात्र, शहर, पैसा, खून, आणि विचारपूस करत फिरणारा एक माणूस ज्याला शेवटी नको तेवढं कळतं. हाच मसाला साधारण सत्तरच्या दशकापासून सेन्सॉरचे जुने नियम सुटल्यावर परत वापरला गेला, त्याला निओ-न्वार म्हणतात. व्याख्या एवढी पुरे. यावर भांडणारे लोक आहेत, त्यांना भांडू द्या.

आता मुद्दा असा की या पिक्चरमध्ये कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही यावर बोलायला गेलं की नवीन माणूस पहिली गोष्ट काय करतो तर डोकी मोजतो. काळे किती, आशियाई किती, बायका किती, गे कॅरेक्टर आहे का, झालं, पास किंवा नापास. मीपण तेच करायचो. पण न्वारमध्ये डोकी मोजून फारसं काही हाती लागत नाही, कारण गर्दीत सगळेच असतात, शहराचाच पिक्चर आहे म्हटल्यावर असणारच. मोजायची असतात ती दारं. डिटेक्टिव्ह म्हणजे काय हो शेवटी, तर कुठल्याही दारातून आत जाऊ शकणारा माणूस. बंगला, शवागार, बार, सरकारी रेकॉर्डची खोली. ही मुभा ज्याला मिळते गोष्ट त्याची होते. बाकीचे एकतर मागच्या दाराने येतात, नाहीतर आधीच आत ट्रे घेऊन उभे असतात.

खाली जी पद्धत सांगतोय ती माझी स्वतःची, घरच्या टीव्हीवर चुका करत करत जमवलेली. आणि हो, स्पॉयलर भरपूर आहेत, त्याशिवाय हे सांगताच येत नाही.

पायरी १: एक नाही, दोन पिक्चर निवडा

एकटा पिक्चर घेऊन बसलात तर तुम्हाला वाटेल की जग असंच असतं. जोडी लावली की फरक दिसतो. शहर एक पाहिजे, काळ जवळपासचा पाहिजे, बनवणारे वेगळे पाहिजेत. नवख्यांसाठी माझी ठरलेली जोडी म्हणजे रोमन पोलान्स्कीचा 'चायनाटाउन', १९७४ चा, आणि कार्ल फ्रँकलिनचा 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस', १९९५ चा. दोन्ही लॉस एंजेलिसचे. पहिल्याची गोष्ट १९३७ ची, दुसऱ्याची १९४८ ची, म्हणजे मध्ये जेमतेम अकरा वर्षं. दोन्हीत एक साधा वाटणारा तपास, एक गूढ बाई, आणि वर बसलेले बडे लोक. पहिल्यात जॅक निकल्सनचा जेक गिट्स, गोरा, सूटबूट, स्वतःचं ऑफिस, हाताखाली दोन माणसं. दुसऱ्यात डेन्झेल वॉशिंग्टनचा ईझी रॉलिन्स, काळा, युद्धातून परत आलेला, विमानाच्या कारखान्यातली नोकरी गेलेली आणि घराचा हप्ता थकलेला.

पायरी २: पहिल्यांदा वही घेऊ नका

खरंच घेऊ नका. नुसता पिक्चर बघा, मजा घ्या, खुनी कोण ते कळू द्या. पहिल्याच फेरीत तपासनीस होऊन बसलात तर पिक्चरही हातचा जातो आणि घरचेही वैतागतात.

पायरी ३: दुसऱ्या फेरीला दारांची यादी

आता वही. चार रकाने पाडा: दार कुठलं, कोण आत जातंय, कोणी उघडलं, आणि त्याची किंमत काय पडली. प्रत्येक सीन लिहायचा नाही, फक्त कुणी उंबरठा ओलांडला की लिहायचं.

गिट्सची यादी भरायला घेतलीत की पान पुरत नाही. पाणी खात्याच्या ऑफिसात जातो, तिथल्या साहेबाचं व्हिजिटिंग कार्ड खिशात घालतो आणि तेच दाखवून पोलिसांच्या पहाऱ्यातून पुढे सरकतो. रेकॉर्डच्या कचेरीत जाऊन फूटपट्टी मागतो, ती पानावर धरून खोकल्याच्या आवाजात रजिस्टरमधून हवा तो तुकडा फाडून आणतो. एका वृद्धाश्रमात 'वडिलांसाठी जागा बघतोय' असं सांगून घुसतो, आणि सहज म्हणून विचारतो की ज्यू लोकांना घेता का. नाही घेत. मग तो म्हणतो बरंच आहे, आणि पुढे चालायला लागतो. हा सीन हसण्यावारी जातो पण वहीत लिहा, कारण १९३७ मधलं एक बंद दार पिक्चरने अर्ध्या मिनिटात उघडून दाखवलंय आणि त्याची झळ गिट्सला काही लागलेली नाही. गिट्सला किंमत मोजावी लागतेच, एका कुंपणापाशी नाक चिरून घेतो आणि अर्धा पिक्चर तोंडावर पट्टी लावून फिरतो. पण ती नको तिथे नाक खुपसल्याची किंमत आहे, तो कोण आहे याची नाही.

आता ईझीची यादी. त्याला हे काम मुळात मिळतंच का? एक गोरा माणूस त्याच्यापुढे शंभर डॉलर ठेवतो, कारण जी गोरी बाई शोधायची आहे ती काळ्यांच्या क्लबांमध्ये जाते आणि तिथे गोऱ्याने जाऊन विचारलं तर कुणी तोंड उघडणार नाही. म्हणजे ईझी जिथे जाऊ शकतो तेच विकत घेतलं जातंय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा पिक्चर वेगळा दिसायला लागतो. काळ्यांच्या वस्तीतल्या सेंट्रल अॅव्हेन्यूवर तो आरामात असतो, लोक ओळखतात, दारू समोर येते. पण समुद्रावरच्या धक्क्यावर त्याला भेटायला बोलावलं जातं आणि तिथे एक गोरी पोरगी आपणहून बोलायला येते तर ईझीचा चेहरा बघा, डेन्झेलने तिथे काही म्हणजे काही न करता सगळं केलंय. तो तिच्याकडे बघत नाही, लवकर संपव बाई असं त्याचं सगळं अंग सांगत असतं, आणि व्हायचं तेच होतं, तिच्याबरोबरची गोरी पोरं येऊन त्याला घेरतात. पुढे जिला शोधायचं होतं त्या बाईला गाडीतून डोंगराकडच्या एका गोऱ्या वस्तीतल्या घरी न्यायची वेळ येते तेव्हा आत प्रेत आहे हे कळायच्या आधीच त्याला घाम फुटलेला असतो. गोरी बाई शेजारच्या सीटवर, रात्र, आणि तो. दारापर्यंत पोचणं हाच धोका.

दोन्ही पानं शेजारी ठेवा. मला पुढचं काही सांगावं लागू नये.

पायरी ४: ज्याला कुणी विचारत नाही त्याला काय माहितीये?

ही पायरी मला आत्याने शिकवली, तेही चुकून. मागे एकदा दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला होती आणि मी 'चायनाटाउन' लावून बसलो होतो. आत्याने वीसेक वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या आहेत. इंग्रजी कळत नाही, मी मधूनमधून सांगत होतो. गिट्स पाणी खात्याचे मुख्य इंजिनिअर मलरे साहेब यांच्या बंगल्यावर जातो, चिनी बटलर दार उघडतो, थांबायला सांगतो. गिट्स मागच्या बागेत फिरायला लागतो. तिथे तळ्यापाशी एक आशियाई माळी काम करतोय. माळी पुटपुटतो की गवताला वाईट. पण त्याच्या उच्चारात 'ग्रास'चं 'ग्लास' होतं. गिट्स त्याची नक्कल करतो आणि पुढे जातो. मीपण हसलो, पहिल्यांदा बघताना हसलो होतो तसाच.

आत्या म्हणाली, "अरे त्या माळ्याला विचारा की कुणीतरी. घरात काय चाललंय ते त्यालाच ठाऊक असणार."

मी म्हटलं, "आत्या, तो छोटा रोल आहे."

"छोटा असू दे. रात्री कोण आलं, कोण रडलं, कोणाचं ताट तसंच परत आलं, हे मला कळायचं, त्यांच्या सख्ख्या भावाला नाही कळायचं. पण पोळीवालीला विचारतंय कोण?"

आणि मग अर्ध्याहून जास्त पिक्चर झाल्यावर तेच होतं. गिट्स परत त्या बागेत येतो, माळी परत तेच म्हणतो, या वेळी पूर्ण: खारं पाणी गवताला वाईट. खारं! ज्या मलरेचं प्रेत गोड्या पाण्यात बुडाल्यासारखं सापडलं त्याच्या फुप्फुसात खारं पाणी होतं, आणि समुद्राचं खारं पाणी आहे ते या तळ्यात, घरच्या अंगणात. खून इथे झालाय. वर त्याच तळ्याच्या तळाशी सापडतो चष्मा, म्हणजे इंग्रजीत ग्लासेस. ज्या उच्चारावर हसलो त्यातच दोन्ही धागे होते, गवत पण आणि काच पण. आता हे लिहिणाऱ्याने, म्हणजे रॉबर्ट टाउनने, मुद्दाम केलं की कसं यावर तुम्ही डोकं खाजवा, माझं मत आहे की पिक्चर इथे गिट्सला आणि आपल्याला, दोघांनाही थोबाडीत मारतो, पण माळ्याला मात्र नाव देत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. मी पहिल्यांदा जी कॉपी पाहिली होती तिच्या सबटायटलवाल्याने शहाणपणा करून 'ग्लास'चं 'ग्रास' दुरुस्त करून टाकलं होतं, त्यामुळे ही गंमत मला किती वर्षं कळलीच नव्हती. म्हणून टीप: सबटायटलवर पूर्ण विसंबू नका, कान उघडे ठेवा.

तर वहीत वेगळं पान करा: माहिती कोणाकडे होती आणि ती कधी मोजली गेली. नोकर, माळी, टॅक्सीवाले, वेटर, शेजारीण. निओ-न्वारमध्ये हे पान भरलं नाही असा पिक्चर मी अजून बघितलेला नाही.

त्या बटलरचंही सांगतो. जेम्स हाँग. हेच गृहस्थ १९८२ च्या 'ब्लेड रनर'मध्ये आहेत. तिथे लॉस एंजेलिस २०१९ सालचं दाखवलंय, रस्ताभर आशियाई पाट्या, नूडलच्या गाड्या, छत्र्या, भिंतीएवढ्या जाहिरातीत आशियाई बाई, सगळं वातावरण तिथून उसनं, आणि मध्यभागी गोरी माणसं. हाँगच्या वाट्याला एक सीन, गारठलेल्या लॅबमध्ये कृत्रिम डोळे बनवणारा च्यू. दार उघडून दोघं येतात, त्याचा गरम कोट फाडतात आणि त्याच्याकडून पुढचा पत्ता काढून घेतात. परत माहिती त्याच्याकडे, गोष्ट दुसऱ्याची. तुम्ही या माणसाला आणखी एका ठिकाणी ओळखता, 'कुंग फू पांडा'मधल्या त्या नूडलवाल्या वडिलांचा आवाज त्यांचाच.

पायरी ५: त्या सालात खरं काय चालू होतं ते अर्धा तास वाचा

जास्त नको, पीएचडी करायची नाहीये. पण साल माहीत असेल तर त्या सालची घरं, कायदे आणि वस्त्या एवढं बघून घ्या. 'चायनाटाउन'मध्ये चायनाटाउन येतं ते अगदी शेवटी, त्याआधी तो नुसता शब्द आहे, गिट्स पोलिसात असताना तिथे काहीतरी वाईट झालेलं आणि 'तिथलं काही कळत नाही' असा त्याचा अर्थ. पण १९३७ मध्ये खऱ्या लॉस एंजेलिसचं जुनं चायनाटाउन पाडलं जात होतं. १९३३ च्या अखेरीस तोडफोड सुरू झाली, त्या जागेवर युनियन स्टेशन उभं राहिलं, ते १९३९ ला सुरू झालं, आणि नवीन चायनाटाउन दुसऱ्या जागी १९३८ मध्ये उघडलं. १८८२ चा चिनी लोकांना बंदी घालणारा कायदा तेव्हा लागू होता, तो गेला १९४३ ला. म्हणजे पिक्चर ज्याला 'न कळणारं' म्हणतो तिथल्या माणसांची घरं त्याच साली जात होती, आणि जमीन-पाण्याच्या घोटाळ्यावरच्या इतक्या हुशार पिक्चरला ही जमीन दिसत नाही. मला पिक्चर प्रचंड आवडतो, तरी हे खुपतं.

उलट ईझीचं घर बघा. छोटं, पुढे झाडं, व्हरांडा. त्याचा सगळा जीव त्या घरात आहे आणि नवख्याला वाटतं की काय हा माणूस एवढा घर घर करतोय. १९४८ च्या मे महिन्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात निकाल दिला की घराच्या कागदपत्रात 'गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही' अशी अट असली तरी कोर्ट ती राबवणार नाही. गोष्ट त्याच सालची आहे. त्या काळात त्या माणसाकडे स्वतःच्या नावावर घर असणं म्हणजे काय हे कळलं की हप्त्यासाठी तो असलं धोक्याचं काम का घेतो तेही कळतं. आपल्याकडे भाड्याचं घर शोधताना आडनाव ऐकून ज्यांना 'कालच गेला हो फ्लॅट' असं ऐकावं लागलंय त्यांना ही पायरी वाचायचीही गरज नाही.

पायरी ६: मरतं कोण, सुटतं कोण

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून एक नियमावली सक्तीने लागू होती, हेज कोड म्हणतात तिला. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, काळ्या-गोऱ्यांचं प्रेम दाखवायचं नाही, समलिंगी कुणी उघडपणे दाखवायचं नाही. मग काय करायचे, तर खुणा. १९४१ च्या 'माल्टीज फाल्कन'मध्ये पीटर लॉरेच्या कॅरेक्टरच्या कार्डाला गार्डेनियाच्या फुलाचा वास येतो, बस, प्रेक्षकाने काय ते समजून घ्यायचं. १९६८ ला हे जाऊन रेटिंगची पद्धत आली. पण सवय काही कायद्याबरोबर जात नाही, पुढेही कितीतरी वर्षं असं कॅरेक्टर आलं की ते एकतर खुनी नाहीतर प्रेत.

म्हणून या पायरीला 'बाउंड' बघा, १९९६ चा, वाचोव्स्की बहिणींचा पहिला पिक्चर. व्हायलेट आणि कॉर्की या दोन बायका एकमेकींच्या प्रेमात, आणि माफियाचे वीस लाख डॉलर. जवळजवळ सगळा पिक्चर दोन शेजारच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे दारं मोजायलाही सोपा. व्हायलेटचा माफियावाला बॉयफ्रेंड सीझर रक्ताने माखलेल्या नोटा घरी आणतो, धुतो, दोऱ्यांवर वाळत घालतो आणि रात्रभर बसून इस्त्री करतो, मनी लाँड्रिंग शब्दशः. तो नोटांना इस्त्री करत असतो आणि शेजारच्या पातळ भिंतीपलीकडे त्याला गंडवायचा प्लॅन तयार होत असतो. तो मरेपर्यंत त्याला पटत नाही की ही बाई माझ्यासाठी नाही तर पलीकडच्या बाईसाठी हे करतेय. आणि शेवटी दोघी जिवंत, पैसे घेऊन, लाल पिकअपमध्ये बसून जातात. फक्त एवढंच, जगल्या, पण त्या जॉनरच्या हिशोबात हे फार मोठं होतं. लव्ह सीनसाठी सूझी ब्राइट या लेखिकेला सल्लागार म्हणून घेतलं होतं, तो फरक पडद्यावर कळतो.

पायरी ७: रोल कोणी केला (इथे घाई करू नका)

१९५८ च्या 'टच ऑफ इव्हिल'मध्ये मेक्सिकन अधिकारी वार्गास कोण, तर चार्ल्टन हेस्टन, तोंडाला तपकिरी मेकअप फासून. पिक्चर थोर, मेकअप भयंकर. त्याआधी चार्ली चॅन नावाच्या चिनी डिटेक्टिव्हचे ढीगभर पिक्चर आले, त्यातला गाजलेला चॅन वॉर्नर ओलंड हा मूळचा स्वीडनचा. हे सोपे नमुने झाले.

अवघड नमुना आपल्या घरचा. १९९८ चा 'सत्या'. भिकू म्हात्रे हे मुंबईच्या क्राइम पिक्चरमधलं बहुतेक सगळ्यात लाडकं मराठी कॅरेक्टर, आणि केलंय बिहारच्या मनोज वाजपेयीने. आपल्याला खटकतं का? मला तरी नाही, तो मुंबईचा राजा कोण विचारतो तेव्हा मी आजही टीव्हीसमोर हात वर करतो. मग हेस्टनने काय पाप केलं? माझ्यापुरतं उत्तर असं की एकटा रोल बघून निकाल देऊ नका, त्याच काळात त्या माणसांना स्वतः काय करायला मिळत होतं ते बघा. हिंदी पिक्चरमध्ये वर्षानुवर्षं मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर भांडी घासणारी बाई, आणि तिथे आपली अख्खी नाटकातली गुणी माणसं 'जी साब' म्हणायला उभी. राग यायचा असेल तर तो तिथे येऊ दे, भिकूवर नको.

आणि 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस'मधली जेनिफर बील्स. ती जिला शोधतायत ती डॅफ्नी गोरी म्हणून वावरतेय पण तिची आई काळी आहे, हेच पिक्चरचं गुपित. बील्सचे स्वतःचे वडील काळे आणि आई गोरी. हे आधी माहीत असलं तर गुपित फुटतं म्हणून मी लोकांना पिक्चर झाल्यावरच सांगतो. तुम्हाला आत्ता सांगितलं, सॉरी, वर स्पॉयलरची सूचना दिली होती.

कॅमेऱ्यामागचं थोडक्यात: दिग्दर्शक फ्रँकलिन काळे, मूळ कादंबरीचे लेखक वॉल्टर मोस्ली यांचे वडील काळे आणि आई ज्यू, छायाचित्रण टाक फुजिमोटो या जपानी-अमेरिकन माणसाचं. त्यामुळे सेंट्रल अॅव्हेन्यू तिथे धोक्याची गल्ली म्हणून नाही तर गजबजलेला बाजार म्हणून दिसतो. पिक्चर थिएटरात चालला नाही. डॉन चीडलने केलेला ईझीचा दोस्त माउस एवढा खतरनाक असून पुढचा भाग आलाच नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पायरी ८: हीच वही घेऊन पुण्यात या

'अंधाधुन', २०१८. पुण्यात घडतो, आपल्यापैकी कितीतरी जणांनी थिएटरात पाहिलाय, त्यामुळे पहिली फेरी झालेलीच आहे. आता दारं मोजा. आकाश आंधळा नाही, आंधळेपणाचं सोंग करतोय, आणि त्याला प्रत्येक दार उघडतं ते त्या सोंगामुळेच. सिमी त्याला घरात घेते, जमिनीवर तिच्याच नवऱ्याचं प्रेत, आणि हा पियानो वाजवतोय, कारण ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर काहीही चालतं असा सगळ्यांचा समज. माळ्याचीच गोष्ट उलटी केली आहे: लोक ज्याला मोजत नाहीत तो सगळं बघतोय. स्क्रिप्ट म्हणून हे जबरदस्त आहे. पण खऱ्या अंध माणसाच्या बाजूने विचार केला तर? 'नाटक करतोय हा' हा संशय तो बसमध्ये, बँकेत रोज झेलतो, आणि इथे तोच संशय खरा ठरवून त्याच्यावर थ्रिल उभं केलंय. मला दोन्ही वाटतं आणि मी अजून कुठल्या एका बाजूला गेलेलो नाही.

माहितीचं पान पण भरा. शेजारच्या मिसेस डिसा पाहिलेलं बोलून बसतात आणि सिमी त्यांना वरून खाली ढकलते. लॉटरीची तिकिटं विकणारी सखू, छाया कदमने केलेली, आणि रिक्षावाला मुरली, हे आधी पडलेल्या आकाशला उचलतात आणि मग किडन्यांचा भाव करायला बसतात. गरीब आहेत म्हणून भोळे दाखवले नाहीत, लबाड आहेत, विनोदी आहेत, स्वतःचा हिशोब आहे त्यांना. मला हे 'बिच्चारी बाई' दाखवण्यापेक्षा दहापट बरं वाटतं.

नवीन माणसं हमखास करतात त्या चुका

एक, वाईट काम करणारं कॅरेक्टर अल्पसंख्य असलं की लगेच अपमान झाला म्हणणं. न्वार आहे, इथे सगळेच बरबटलेले असतात. प्रश्न असा विचारा की त्याला बरबटायला स्वतःचं कारण दिलंय का. दोन, हुद्द्यावर भुलणं. 'चायनाटाउन'मध्ये पोलीस लेफ्टनंट एस्कोबार आहे, लॅटिनो, गिट्सचा जुना सहकारी, चांगला हुद्दा. डोकी मोजणारा इथे टिक मारतो. पण शेवटच्या सीनमध्ये त्याला सगळं सांगितलं जातं तरी त्याच्या हातात काय राहतं ते बघा. तीन, दोन तासांचा पिक्चर बघून चार तास लेक्चर देणं, हे मी घरी करून बसलोय, बायको आता वही दिसली की उठून जाते.

त्यानंतर काय बघाल

'जॅकी ब्राउन', १९९७, चाळिशी पार केलेली काळी एअर होस्टेस आणि सगळ्यांना पुरून उरणारी पॅम ग्रियर. कादंबरीत ही बाई गोरी होती, पिक्चरसाठी बदलली, आणि बदलल्यावर पोलिसांसमोरचा प्रत्येक सीन कसा जड होतो ते बघा. हिंदीत 'मनोरमा सिक्स फीट अंडर', २००७, 'चायनाटाउन'लाच राजस्थानच्या उन्हात नेलंय.

आणि शेवटी 'चॅन इज मिसिंग', १९८२, दिग्दर्शक वेन वांग. ब्लॅक अँड व्हाइट, अगदी तुटपुंज्या पैशात केलेला, दीड तासाच्या आतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये दोन टॅक्सीवाले, जो आणि त्याचा पुतण्या स्टीव्ह, आपले चार हजार डॉलर घेऊन गायब झालेल्या चॅनला शोधतायत. नाव म्हणजे त्या स्वीडिश चार्ली चॅनला मारलेली कोपरखळी. प्रत्येक जण वेगळाच चॅन सांगतो, चॅन काही सापडत नाही, आणि शेवटच्या फोटोतही त्याचा चेहरा सावलीत. पडद्यावर खून होत नाही, पाठलाग नाही, थोडा धीर धरा. दारांचं पान इथे गमतीशीर भरतं कारण कुणी बाहेरून आत येतच नाही, कॅमेरा आधीपासून आत आहे. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये एक आचारी मोठ्या आचेवर कढई परततोय, अंगात 'सामुराय नाइट फीव्हर' लिहिलेला टीशर्ट, तोंडाने गाणं, हात थांबत नाहीत, आणि त्यातच प्रश्नांची उत्तरं देतोय.

आत्याला हा पिक्चर मे महिन्यात दाखवला. बाकी वेळ ती शेंगा सोलत होती. या सीनला मान वर केली, आणि मला पिक्चर थांबवायला लावून विचारलं की हा कढई एवढी हलवतोय तर गॅस बंद कोण करतंय, हाताशी बटण दिसत नाही.